किमान वेतन वाढले तर शेतमजुराचे काम घटते काय?

कपाशीची वेचणी असो, ज्वारीची काढणी असो वा भाताची लावणी असो. ही कामे ज्यांच्या हातांनी होतात, त्या मजुरांची संख्या आपल्या देशात शेतकऱ्यांच्या संख्येहून अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी म्हणून सुमारे ११ कोटी ८८ लाख, तर शेतमजूर म्हणून सुमारे १४ कोटी ४३ लाख लोकांची नोंद झाली. महाराष्ट्रातही शेतमजुरांची संख्या सुमारे १ कोटी ३५ लाख भरली आणि ती शेतकऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त होती.

जनगणनेच्या कागदावर हे दोन वर्ग वेगळे दाखविले जात असले, तरी गावात ते तितके वेगळे नसतात. दोन एकर कोरडवाहू जमिनीचा धनी आपली पेरणी आटोपली की दुसऱ्याच्या शेतात रोजाने जातो, आणि वेचणीच्या घाईत स्वतःही चार मजूर लावतो. त्यामुळे मजुरीच्या दराचा प्रश्न पुष्कळदा एकाच घराच्या जमाखर्चात दोन्ही बाजूंना येऊन बसतो.

शासनाने किमान वेतनाचा दर वाढविला की गावोगाव दोन प्रकारचे बोल ऐकू येतात. शेतकरी म्हणतो, “मालाचा भाव आहे तिथेच आहे, मजुरी मात्र वाढली, आता माणसे कमीच लावावी लागणार.” मजूर म्हणतो, “दर वाढला तो कागदावर; आणि मागायला जावे तर उद्यापासून काम बंद.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु कोणाचे म्हणणे कोठे आणि कितपत खरे ठरते, हे हिशेबाने आणि अनुभवाने ताडून पाहिले पाहिजे. महाराष्ट्राजवळ असा अनुभव आहे, आणि तो जगातील अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहिलेला आहे.

कायद्याची वाटचाल

किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. ज्या धंद्यांत मजूर विखुरलेले, असंघटित आणि गरजू असतात, तेथे मजुरीचा दर केवळ सौद्यावर सोडला तर तो पोटापुरताही उरत नाही, ही त्यामागील भूमिका होती. कायद्याच्या परिशिष्टाचे दोन भाग केलेले होते आणि दुसरा भाग सर्वस्वी शेतीच्या कामांसाठी होता. दर ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाला देण्यात आला, आणि फार तर पाच वर्षांनी दराचा फेरविचार व्हावा असे बंधन घालण्यात आले. मजुराने कमी दर स्वखुशीने पत्करला असला, तरी तो करार निरर्थक समजला जावा, असेही कायद्याने सांगितले. भुकेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे.

किमान म्हणजे किती, ह्याचे माप १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने घालून दिले. एका कमावत्या माणसामागे तीन खाणारी माणसे धरावीत; त्यांचे अन्न, वर्षाला ७२ वार कापड, राहण्याच्या जागेचे भाडे आणि जळण, दिवाबत्ती वगैरे किरकोळ खर्च यांचा हिशेब करून वेतन ठरवावे, असे हे माप होते.

महाराष्ट्रात शेतमजुरांच्या स्थितीचा आणि किमान वेतनाचा विचार करण्यासाठी वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली होती. तिचा अहवाल १९७३ साली आला. राज्याचे परिमंडळांत विभाजन करून, जमिनीच्या सुपीकतेप्रमाणे व तेथील परिस्थितीप्रमाणे निरनिराळे दर बांधून देण्याची पद्धत त्यानंतरच्या काळात रूढ झाली. पुढे १९४८ चा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावून घेण्यात आला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली.

बांधावरचा हिशेब

मजुरी वाढली म्हणजे काम आपोआप घटते, असे मानण्यापूर्वी कोणते काम घटते ते पाहू. समजा, एका शेतकऱ्याने एक हेक्टर सोयाबीन पेरले आहे. पहिल्या निंदणीला २० मजूर लागतात आणि ती न केल्यास ५ क्विंटल उत्पन्न बुडते. दुसऱ्या निंदणीला १५ मजूर लागतात आणि तिच्यामुळे दीड क्विंटल माल अधिक येतो. मालाचा भाव क्विंटलला ४,००० रुपये धरू.

मजुरी ३०० रुपये असताना पहिल्या निंदणीला ६,००० रुपये खर्च येतो आणि २०,००० रुपयांचा माल वाचतो. दुसऱ्या निंदणीला ४,५०० रुपये खर्च येतो आणि ६,००० रुपयांचा माल वाढतो. दोन्ही निंदण्या परवडतात.

आता मजुरी ४५० रुपये झाली असे समजू. पहिल्या निंदणीचा खर्च ९,००० रुपये होतो. तरीही ती करणे भागच आहे. दुसऱ्या निंदणीचा खर्च मात्र ६,७५० रुपये होतो आणि तिच्यापासून मिळकत ६,००० रुपयेच राहते. साहजिकच शेतकरी दुसरी निंदणी सोडून देतो, किंवा तणनाशकाची फवारणी करून मोकळा होतो. मजुरांचे १५ दिवसांचे काम गेले.

ह्या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की मजुरी वाढल्याने सगळे काम जात नाही. जे काम आधीच काठावर असते ते आधी जाते. निंदणी, खुरपणी, बांधबंदिस्तीची डागडुजी, गवत काढणे ही अशी काठावरची कामे होत. त्यांतली बहुतेक कामे स्त्रियांच्या वाट्याला येतात. म्हणून दर वाढल्याचा फायदा सर्वांना सारखा आणि तोटा सर्वांना सारखा, असे घडत नाही. ट्रॅक्टर चालविणारा किंवा फवारणी करणारा मजूर टिकून राहतो. खुरपे घेऊन येणारी बाई घरी राहते.

दुसरी गोष्ट अशी, की काम काठावर आहे की आत आहे, हे पिकाच्या उत्पन्नावर अवलंबून असते. ह्याच शेताला पाण्याची एक पाळी मिळाली, बियाणे चांगले निघाले आणि दुसऱ्या निंदणीने दीडऐवजी अडीच क्विंटल माल वाढला, तर मिळकत १०,००० रुपये होते. मग ४५० रुपये मजुरी देऊनही ती निंदणी परवडते. चांगली मजुरी आणि भरपूर काम ह्या दोन्ही गोष्टी एकत्र नांदावयाच्या असतील, तर त्यांच्यामधला दुवा शेतीची उत्पादकता हाच आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

वरील हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली होती: बाजारात मजुरीचा जो दर आहे त्या दराने शेतकऱ्याला हवे तितके मजूर मिळतात आणि मजुरालाही हवे तेथे जाता येते. पुष्कळ गावांत तसे नसते. काम देणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांच्यात दराविषयी अबोल समजूत असते. मजुराने लग्नकार्यासाठी किंवा दुखण्याखुपण्यासाठी उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची त्याला सोय नसते. लहान मूल घरी ठेवून आलेली बाई पाच मैलांवरच्या गावी जास्त मजुरी आहे म्हणून जाऊ शकत नाही.

अशा गावातील एका मोठ्या बागायतदाराचा हिशेब पाहू. त्याच्याकडे २५० रुपये रोजाने १० मजूर येतात. आणखी दोघे हवे असतील तर ते दूरच्या वस्तीवरून आणावे लागतात आणि २८० रुपयांखाली ते येत नाहीत. पण दोघांना २८० दिले की उरलेले दहाजणही तेवढेच मागणार. म्हणजे १० मजुरांचा खर्च २,५०० रुपये, तर १२ मजुरांचा ३,३६० रुपये. दोन माणसांसाठी ८६० रुपये, म्हणजे माणशी ४३० रुपये वाढले. त्या दोघांच्या कामाची किंमत माणशी ३५० रुपयेच असेल, तर बागायतदार दहावरच थांबतो.

आता शासनाने किमान वेतन २८० रुपये ठरविले आणि ते खरोखरच पाळले गेले, असे समजू. दहाजणांना २८० रुपये द्यावेच लागतात. मग अकरावा आणि बारावा मजूर त्याला ४३० रुपयांना पडत नाही, २८० रुपयांनाच पडतो, आणि काम तर ३५० रुपयांचे होते. तो बाराजणांना लावतो. येथे दर वाढूनही काम वाढले.

ही नुसती कागदी करामत नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले; शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मात्र ते वाढले नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडील उपाहारगृहांची पाहणी करून १९९४ साली असे दाखविले, की दर वाढलेल्या बाजूला नोकऱ्या घटल्या नाहीत. त्यावर पुष्कळ वाद झाला, वेगळी आकडेवारी घेऊन वेगळे निष्कर्षही काढले गेले. पण “दर वाढला की काम घटणारच” हे सूत्र सर्वत्र लागू पडत नाही, एवढे त्यामुळे मान्य झाले. कार्ड यांना २०२१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

आपल्याकडीलही एक उदाहरण आहे. जुन्या आंध्र प्रदेश राज्यात रोजगार हमीची मजुरी मजुराच्या हाती वेळेवर पडावी म्हणून ओळखपत्राची नवी पद्धत काही मंडलांत आधी आणि काही मंडलांत नंतर लागू करण्यात आली. कोणते मंडल आधी घ्यावयाचे ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते, म्हणून दोहोंची तुलना करता आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात असे आढळले, की जेथे हमीचे काम नीट चालले तेथे खाजगी शेतीतील मजुरी वाढली, आणि खाजगी काम घटण्याऐवजी वाढले. मजुराला दुसरा आधार मिळाला की तो कमी दराला नकार देऊ शकतो. आणि गावात मजुरीचा दर पूर्वी दाबलेला असेल, तर तो वाढूनही काम बुडत नाही, हे त्यावरून दिसते.

१९८८ चा धडा

महाराष्ट्रातील अनुभव मात्र ह्याहून वेगळा आणि अधिक विचार करावयास लावणारा आहे.

रोजगार हमी योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा प्राथमिक प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली. १९७७ साली विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण भागातील प्रौढ माणसाला १५ दिवसांच्या आत काम देण्याची जबाबदारी शासनाने पत्करली. त्यासाठी शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर वृत्तिकर बसविण्यात आला. पाझर तलाव, नालाबांध, समपातळी बांध, रस्ते अशी कामे त्यातून उभी राहिली आणि त्यांवर स्त्रियांनी मोठ्या संख्येने कष्ट केले.

ह्या योजनेत मजुरी कामाच्या मापाप्रमाणे दिली जाई. सामान्य मजुराने दिवसभर मनापासून काम केले, तर त्याला शेतीच्या किमान वेतनाइतकी मजुरी पडावी, अशा बेताने मापाचे दर बांधलेले असत. त्यामुळे शेतीचे किमान वेतन वाढले की योजनेचे दरही वाढत. सरकारी कामावरदेखील किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात १९८३ साली स्पष्ट केलेले होते. गरजू माणसाकडून किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही घटनेने मना केलेली वेठबिगार होय, असा तो निर्णय होता.

१९८८ साली राज्यात शेतीचे किमान वेतन वाढले आणि त्याबरोबर रोजगार हमीची मजुरीही जवळजवळ दुप्पट झाली. मजुरांच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती. परंतु त्यानंतर योजनेवरील मजुरांची उपस्थिती वाढण्याऐवजी बरीच घटली. त्या वर्षी पाऊस चांगला होता, शेतात काम मिळत होते, म्हणून लोक योजनेकडे आले नाहीत, असे ह्याचे एक कारण देता येईल. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी ह्या अभ्यासकांनी महिनावार आकड्यांवरून ह्या गोष्टीची छाननी केली व १९९३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मजुरी वाढल्यानंतर काम मागणारे सर्वजण कामावर घेतले जात नव्हते, कामाची टंचाई निर्माण झाली होती आणि हमी पूर्वीसारखी हमी राहिली नव्हती, असे त्यांना दिसून आले.

असे का व्हावे? हिशेब साधा आहे. मजुरीसाठी एक लाख रुपये मंजूर असतील आणि दर १० रुपये असेल, तर १०,००० मनुष्यदिवसांचे काम देता येते. दर २० रुपये झाला आणि रक्कम तेवढीच राहिली, तर ५,००० मनुष्यदिवसच उरतात. दर वाढविणारा हुकूम एका दिवसात निघतो. पैसा मात्र त्या प्रमाणात वाढतोच असे नाही. मग हमी मोडली असे कोणी जाहीर करीत नाही. नवे काम सुरू होण्यास उशीर लागतो, अर्ज पुढे सरकत नाही, जे काम निघते ते दूरच्या गावी निघते. हक्क कागदावर शाबूत राहतो आणि काम मिळत नाही.

ह्यात कोणाचे नुकसान अधिक होते, ह्याचाही विचार करावयास हवा. कमी मजुरीवर रोजगार हमीच्या कामाला तोच येतो, ज्याला दुसरीकडे काहीच मिळत नाही. मजुरी चांगली झाली की ज्यांना अन्य काम मिळू शकते तेही रांगेत उभे राहतात. जागा थोड्या आणि उमेदवार फार, अशी स्थिती झाल्यावर मागे कोण पडते? दूरच्या वाडीवरची विधवा, उतारवयाचा मजूर, ज्याची मुकादमाशी ओळख नाही तो. ज्याच्यासाठी योजना निघाली, तोच तिच्या दाराबाहेर राहण्याचा धोका उत्पन्न होतो.

ह्यावरून मजुरी वाढविणे चूक होते, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. किमान वेतनाहून कमी दर देणे न्यायाला धरून नव्हतेच. धडा असा, की दर आणि तरतूद ह्या एकाच जोखडाच्या दोन बाजू आहेत. एकीला पुढे ओढून दुसरी मागे ठेवली, तर गाडी सरळ चालत नाही.

पुढे केंद्र शासनाने २००५ साली केलेला रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राच्या अनुभवावरच उभा होता. त्यात प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांची हमी असून पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूद केलेली आहे. शेतकऱ्याला हंगामात मजूर मिळावेत हा तिचा हेतू. परंतु नेमक्या त्याच दिवसांत मजुराचा दुसरा आधार नसतो, हेही विसरता येत नाही. अशा दिवसांत किमान वेतनाचा दर प्रत्यक्ष पाळला जाण्याचे महत्त्व दुप्पट होते.

केरळचा अनुभव

मजुरी वाढल्याने पीकच बदलते काय, ह्या प्रश्नावर केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे शेतमजुरांच्या बळकट संघटना झाल्या, १९७४ साली शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि मजुरी इतर राज्यांच्या पुष्कळ पुढे गेली. त्याच काळापासून भाताचे क्षेत्र घटत गेले. १९७४-७५ मध्ये ते सुमारे ८ लाख ८१ हजार हेक्टर होते. पुढे ते सुमारे २ लाख हेक्टरांवर आले. भाताच्या जागी नारळ, रबर ह्यांसारखी कमी मजूर लागणारी पिके आली.

परंतु त्याचा सगळा दोष मजुरीच्या माथी मारणे योग्य नाही. रबर व नारळ ह्यांपासून मिळणारे उत्पन्न भाताहून अधिक होते, आखाती देशांत गेलेल्यांचा पैसा घरी येत होता, शिकलेली मुले चिखलात उतरण्यास तयार नव्हती आणि जमिनीला घरबांधणीसाठी भाव आला होता. मजुरी हे अनेक कारणांतील एक कारण होते. मात्र ज्या पिकाचे उत्पन्न वाढत नाही, त्या पिकावर वाढती मजुरी फार काळ टिकत नाही, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

दर कागदावर आणि दर हातात

ह्या सर्व विवेचनात दर पाळला जातो असे गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती पुष्कळदा निराळी असते. हंगामाच्या घाईत चालू मजुरी किमान वेतनाहून अधिक असेल, तर कायद्याने फरक पडत नाही. हंगाम सरल्यावर, किंवा स्त्रीला पुरुषाहून कमी मजुरी देण्याची वहिवाट असेल तेथे, दर खाली जातो; आणि कायद्याची खरी गरज तेथेच असते. लाखो शेतांवर निरीक्षक पोहोचू शकत नाही. म्हणून गावात माहिती पोहोचविणे हाच अंमलबजावणीचा पहिला मार्ग आहे.

वेतन संहितेतील काही तरतुदी गावात सर्वांना ठाऊक असल्या पाहिजेत.

१. किमान वेतन आता परिशिष्टात नमूद केलेल्या धंद्यांपुरते नाही, ते सर्व कामांना लागू आहे. केंद्र शासनाने ठरविलेल्या तळाच्या वेतनाखाली कोणत्याही राज्याचा दर जाऊ शकत नाही.

२. एकाच प्रकारच्या कामासाठी स्त्री व पुरुष यांच्या मजुरीत भेद करता येत नाही.

३. रोजंदारीच्या मजुराची मजुरी त्या दिवसाचे काम संपताच द्यावयाची असते; आठवड्याने द्यावयाची असल्यास साप्ताहिक सुटीच्या आदल्या कामाच्या दिवशी.

४. कमी मजुरी मिळाल्यास मजुराला तीन वर्षांच्या आत दावा सांगता येतो. पूर्वीच्या कायद्यात ही मुदत सहा महिन्यांची होती. मजुरी चुकती केली हे सिद्ध करण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर आहे.

५. शेतीकामासाठी पाचपर्यंत मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यावर नोंदवही ठेवण्याची सक्ती नाही. मात्र विचारणा झाल्यास मजुरी दिल्याचा योग्य पुरावा त्याने दाखविला पाहिजे. एका साध्या वहीत तारीख, नाव, काम आणि दिलेली रक्कम लिहून मजुराची सही वा अंगठा घेतला, तर दोघांचेही हित होते.

शेतकऱ्याने काय करावे

मजुरी कमी करून शेती सुधारत नाही. मजुराच्या दिवसाचे मोल वाढवून ती सुधारते. दोन ओळींतून कोळपे फिरविले की निंदणीला लागणारे दिवस कमी होतात, आणि त्याच पैशात उरलेल्या मजुरांना पुरी मजुरी देता येते. वेळेवर पेरणी, ओळींतील योग्य अंतर आणि पाण्याची एखादी संरक्षक पाळी ह्यांमुळे प्रत्येक निंदणी व वेचणी अधिक फलदायी होते. कामाची आखणी आधी करून मजुरांना आठवडाभर सलग काम दिले, तर त्यांचेही रिकामे दिवस वाचतात आणि ऐन वेळी माणसे शोधण्याची पाळी येत नाही. उक्ते काम द्यावयाचे झाल्यास, एका मजुरामागे दिवसाची मजुरी किमान दराहून कमी पडत नाही ना, हे आधी मोजून पाहावे. शेजारच्या चार लहान शेतकऱ्यांनी इर्जिकीने, म्हणजे एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने काम केले, तर मजुरीचा रोख खर्चही कमी होतो.

ग्रामसेवकाचे काम

ग्रामसेवकाने आपल्या परिमंडळाचा चालू दर ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा, आणि दर बदलताच तो बदलावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ग्रामसभेत तो वाचून दाखवावा. कामाची मागणी तोंडी आली तरी ती लेखी नोंदवून पोच द्यावी, कारण पोचेवाचून १५ दिवसांची मुदत मोजता येत नाही. गावाच्या कामांची यादी अंदाजपत्रकासह मंजूर करून हाताशी तयार ठेवावी. मागणी आल्यावर आराखडा करावयास बसले, तर मुदत तेथेच संपते. कामाचे माप मजुरांसमक्ष घ्यावे. काम मागूनही ज्यांना ते मिळाले नाही, त्यांची नावे, विशेषतः एकट्या स्त्रियांची आणि दूरच्या वाड्यांवरील कुटुंबांची नावे, दर महिन्याला तालुक्याच्या ठिकाणी कळवावीत. १९८८ साली जी टंचाई आकड्यांच्या मागे दडून राहिली, ती गावाच्या वहीत वेळीच उमटली, तर तिच्यावर इलाज करता येतो.

किमान वेतनाचा कायदा मजुराला काम मिळवून देत नाही. जे काम मिळेल त्याचा मोबदला पोटापुरता असावा, एवढेच तो पाहतो. काम वाढविणे हे पाण्याचे, मातीचे, चांगल्या मशागतीचे आणि सार्वजनिक कामांवर पुरेसा पैसा खर्च करण्याचे फळ आहे. दर ठरविताना तरतुदीचा विसर पडला, तर सर्वांत दुबळा मजूर कामावाचून राहतो. आणि काम जाईल ह्या भीतीने दरच ठरविला नाही, तर तोच मजूर दिवसभर राबूनही उपाशी राहतो. गावातील प्रत्येक हाताला काम आणि प्रत्येक दिवसाला पुरी मजुरी मिळावी, हे दोन्ही हेतू बरोबरीने साधावयाचे आहेत. आणि त्याची सुरुवात चालू दर माहीत असण्यापासून आणि तो वहीत नोंदण्यापासून होते.